तालुक्याचे पान आणि गाझाचे पान

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



भीमेच्या एका काठाला शिरूर आणि दुसऱ्या काठाला दौंड. या दोन्ही तालुक्यांत सकाळी एस. टी. स्थानकावर, रेल्वेच्या फलाटावर किंवा चहाच्या टपरीवर जे वर्तमानपत्र हातोहात फिरते, त्याची दोन पाने आज समोर उघडून ठेवावयाची आहेत. एक तालुक्याचे पान आणि दुसरे परदेशच्या बातम्यांचे. पहिल्यावर रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील अपघात, कांद्याचे भाव, साखर कारखान्याच्या वार्षिक सभेतील गोंधळ, आणि त्यांच्या शेजारी कोठे तरी चोरीची वा दरोड्याची बातमी. दुसऱ्यावर गाझा. पहिले पान लोक बारकाईने वाचतात, कारण त्यातील नावे ओळखीची असतात. दुसरे नुसते चाळतात. वस्तुतः दोन्ही पानांमागची लेखणी एकच आहे. गाझाच्या बातमीत पॅलेस्टिनी माणसावर काय अन्याय होतो हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने प्रथम स्वतःच्या तालुक्यातील पारधी वस्तीची बातमी वाचावी.

सुरुवात एका शब्दापासून करता येईल. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूतच्या बाजूस बिबट्याने माणसे मारली, त्यांत लहान मुलेही होती. त्या दिवसांत तालुक्याच्या पानावर वारंवार येणारा शब्द होता 'जेरबंद'. बिबट्या पिंजऱ्यात सापडला की तो जेरबंद होतो. चोरीच्या संशयावरून वस्तीवरची चार माणसे पकडली तरी बातमीचा मथळा तोच असतो: 'टोळी जेरबंद'. पतसंस्थेचा संचालक ठेवीदारांचे पैसे बुडवून पकडला जातो तेव्हा मात्र त्याला 'अटक' होते. जनावरासाठीचा शब्द कोणाला लावावयाचा आणि माणसासाठीचा कोणाला, याचा निर्णय बातमी लिहिणारा क्षणभरही विचार न करता घेतो, आणि विचार न करता घेतला जातो म्हणूनच तो महत्त्वाचा आहे. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलच्या तत्कालीन संरक्षणमंत्र्याने गाझाची वीज, अन्न, पाणी व इंधन तोडण्याची घोषणा केली, त्याच वेळी आपण मनुष्यरूपी जनावरांशी लढत आहोत अशा अर्थाचे विधान त्याने केले. एकदा समोरचा माणूस जनावर ठरला की त्याचे पाणी तोडणे हा प्रश्न राहत नाही, ती व्यवस्था होते.

पारध्यांच्या बाबतीत ही भाषा वर्तमानपत्रांनी शोधून काढलेली नाही. ती कायद्याकडून आली. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. गुन्हा हा माणूस करीत नसून जमात करते, आणि जसा सुताराचा मुलगा सुतार तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, असे त्या कायद्याचे तर्कशास्त्र होते. जातिव्यवस्थेकडे पाहून साहेबाने काढलेले हे अनुमान इथल्या वरिष्ठ जातींनाही सोयीचे वाटले. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्याला लागू करण्याचा मार्ग मोकळा झाला. जमातीचे नाव सरकारी सूचीत आले की त्या जमातीतील माणसाला ठाण्यावर किंवा पाटलाकडे हजेरी द्यावी लागे, परवान्यावाचून गाव सोडता येत नसे, आणि काही जमातींना तर तारेच्या कुंपणाच्या वसाहतींत डांबले गेले. सोलापूरची वसाहत त्यांपैकी सर्वांना ठाऊक असलेली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या जाऊ लागल्या. पण स्वातंत्र्यानंतर या कायद्याची जागा राज्याराज्यांतील सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने असे कायदे भारताने रद्द करावेत अशी शिफारस केली. वंशभेदाच्या समितीने केली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जगाच्या दृष्टीने हा पोलीस खात्याच्या कामकाजाचा प्रश्न नव्हता. जन्मावरून माणसाला दोषी ठरविण्याचा, म्हणजे वंशद्वेषाचा प्रश्न होता.

'सराईत' हा शब्द तेव्हापासून तालुक्याच्या पानावर मुक्कामाला आहे. न्यायालयाने एकदाही दोषी न ठरविलेल्या पारधी तरुणाला तो लावला जातो. त्याच्या मागून 'पारधी टोळी', 'पारधी वस्तीवर छापा' हे शब्द येतात. वस्तीवर छापा म्हणजे काय? शिरूर शहरात राहणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्यावर करचुकवेगिरीचा आरोप आला तर 'व्यापारी पेठेवर छापा' असे कोणी लिहीत नाही, आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या घरांतील भांडीकुंडी पोलीस बाहेर फेकीत नाहीत. पतसंस्थेच्या संचालकाची जात बातमीत येत नाही. ती येऊ नये हेच योग्य आहे. प्रश्न एवढाच की मग पारध्याची का येते? भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटले आहे की जातीचा उल्लेख सामान्यतः टाळावा, विशेषतः ज्या संदर्भात तो त्या जातीला कमीपणा आणणारा असेल तेथे. ही आचारसंहिता तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत पोहोचलेलीच नाही, आणि संपादकाच्या टेबलावर ती असली तरी तिच्यावर बहुधा चहाचा कप असतो.

आता व्याकरणाकडे वळू. मराठीत 'ठार' हा एक विलक्षण शब्द आहे. त्याला कर्ता लागत नाही. 'गाझात चाळीस ठार' असे शीर्षक पूर्ण वाटते. कोणी ठार केले हे विचारण्याची गरज शब्दच उरू देत नाही. 'चकमकीत ठार', 'कोठडीत मृत्यू', 'उपचारांदरम्यान निधन' ही सर्व एकाच घरातील भावंडे. १९९८ च्या जूनमध्ये, दौंडला लागून असलेल्या बारामतीत, एका पारधी माणसाचा पोलिसांच्या ताब्यात असताना अंत झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात शबर जमातीच्या एका तरुणाचा असाच अंत झाला होता. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी त्या वर्षी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन केला आणि ही प्रकरणे देशापुढे आणली. त्यांनी ती आणली नसती तर दोन्ही माणसे 'कोठडीत मृत्यू' या तीन ओळींत संपली असती.

२९ जानेवारी २०२४ रोजी गाझा शहरात हिंद रजब नावाची पाच वर्षांची मुलगी, नातेवाइकांची प्रेते असलेल्या मोटारीत अडकून, रेड क्रिसेंटला दूरध्वनीवरून मदत मागत होती. तिला आणावयास निघालेल्या रुग्णवाहिकेतील दोघेही मारले गेले. बारा दिवसांनी तिचे प्रेत हाती आले. ब्रिटनच्या राष्ट्रीय नभोवाणी संस्थेने दिलेल्या शीर्षकात ती 'मृतावस्थेत सापडली' होती, जणू थंडीने गारठली असावी. हे शीर्षक इंग्रजी भाषेच्या गरिबीमुळे आलेले नाही. त्याच भाषेत त्याच संस्थेने रशियाच्या माऱ्यात युक्रेनमध्ये मेलेल्यांच्या बातम्या कर्त्यासह लिहिल्या आहेत. मराठी वृत्तपत्रे अनेकदा 'इस्रायलच्या हल्ल्यात' एवढे तरी लिहितात, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. परंतु तेही बहुधा मूळ तारेत ते असेल तेव्हाच.

'कैदी' आणि 'ओलीस' ही आणखी एक जोडी. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने पळवून नेलेले सुमारे २५० लोक ओलीस होते, यात शंका नाही. पण इस्रायलच्या तुरुंगांत ज्यांच्यावर आरोपपत्रही नाही असे 'प्रशासकीय स्थानबद्ध' पॅलेस्टिनी २०२५ मध्ये तीन हजारांहून अधिक होते. अदलाबदलीच्या बातमीत ते सरसकट 'कैदी' झाले. कैदी म्हटला की गुन्हा आलाच. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या १०९ व ११० कलमांखाली, आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १२८ व १२९ कलमांखाली, यात्रेच्या वा निवडणुकीच्या आधी उचलून आणलेल्या पारध्यांचे नेमके हेच होते. त्यांनी काही केले म्हणून त्यांना आणलेले नसते. ते करतील या गृहीतावर आणलेले असते. बातमीत मात्र ते 'आरोपी' असतात.

या भाषेचा शेवट कोठे होतो ते एका खटल्यात दिसते. २००३ साली नाशिकजवळ एका शेतवस्तीवर दरोडा, खून आणि बलात्काराचा भयंकर प्रकार घडला. जालना जिल्ह्यातील भटक्या जमातीच्या सहा जणांवर खटला चालला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली. नंतर फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरविले, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि समाजाच्या तळाशी असलेल्या या भटक्या माणसांना खोटे गोवले गेले असे म्हटले. त्यांतील एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षे! अटकेच्या दिवशीच्या मथळ्यांची आणि सुटकेच्या दिवशीच्या मथळ्यांची लांबी जुन्या अंकांत कोणीही मोजून पाहावी. आणि खरे गुन्हेगार कोठे गेले, हा प्रश्न त्या पीडित कुटुंबाच्या वतीने किती वृत्तपत्रांनी विचारला? पूर्वग्रहाने निरपराध्याचा बळी जातो, तसाच ज्याच्यावर खरोखर अत्याचार झाला त्याचा न्यायही बुडतो.

असे का होते याचे उत्तर केवळ वार्ताहराच्या मनात शोधून भागणार नाही. बातमी हाही एक उत्पादित माल आहे, आणि त्याचा उत्पादनखर्च पाहिला पाहिजे. तालुक्याच्या वार्ताहराला पगार असा बहुधा नसतोच. असेल ते मानधन पेट्रोललाही पुरत नाही. त्याची कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वाढदिवसाच्या शुभेच्छांची अर्धी पाने कोण देतो? पुढारी, कारखान्याचे संचालक, प्लॉट पाडणारे, हॉटेलवाले. पारधी माणूस आजतागायत कोणाच्या वाढदिवसाची जाहिरात देत आलेला नाही. उलट गुन्ह्याची बातमी पोलीस ठाण्यातून फुकट, तयार, आणि आता तर छायाचित्रासह मोबाइलवर येते: मागे फळा, मध्ये तोंड झाकलेली माणसे, दोन्ही बाजूंना अधिकारी. ती तशीच छापली तर एक रुपयाही खर्च नाही. वस्तीवर जाऊन दुसरी बाजू विचारावयाची तर अर्धा दिवस मोडतो, आणि ठाण्यातील चहा बंद होण्याची भीती असते. स्वस्त बातमी ही ज्याच्या हाती सत्ता आहे त्याची बातमी असते. यात वार्ताहराला दोष देऊन मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. तोही या व्यवस्थेतील बिनपगारी मजूरच आहे.

एकाच झऱ्याचे पाणी प्यावयाचे ठरविले की काय होते हे दौंड तालुक्याने २०२३ च्या जानेवारीत पाहिले. पारगावजवळ भीमेच्या पात्रात एकाच कुटुंबातील सात जणांची प्रेते एकामागून एक सापडली. सामूहिक आत्महत्येचा पोलिसांचा प्राथमिक अंदाज सर्वत्र छापून आला, घरच्या मुलाच्या वागणुकीची चर्चाही त्यासोबत गावोगाव झाली. आठवडा उलटण्याच्या आत पोलिसांनीच तो खुनाचा प्रकार ठरवून नातेवाइकांना अटक केली. पोलिसांनी तपास पुढे नेला, ते त्यांचे कामच आहे. पण वृत्तपत्रांना स्वतःचे डोळे नव्हते, हे त्या सात दिवसांत उघड झाले.

परदेशच्या पानाचेही अर्थशास्त्र असेच आहे. मराठी वृत्तपत्राला जेरुसलेममध्ये वा रामल्लात प्रतिनिधी ठेवणे परवडत नाही. लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्क येथील वृत्तसंस्थांची तार दिल्लीमार्गे येते, रात्रपाळीचा उपसंपादक ती भाषांतरित करतो, आणि मूळ तारेतील प्रत्येक विशेषण मराठी लुगडे नेसून पानावर येते. ही तक्रार जुनी आहे. १९७६ साली नवी दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली आणि या राष्ट्रांच्या वृत्तसंस्थांचा सामायिक संच अधिकृतपणे उभा राहिला. युनेस्कोने नेमलेल्या शॉन मॅकब्राइड आयोगाने १९८० मध्ये अहवाल देऊन बातम्यांच्या जागतिक विषमतेकडे लक्ष वेधले. ज्येष्ठ पत्रकार बी. जी. वर्गीज त्या आयोगाचे सभासद होते. पुढे अमेरिका १९८४ च्या अखेरीस आणि ब्रिटन १९८५ मध्ये युनेस्कोतून बाहेर पडले. बातम्यांची ही नवी मांडणी हे त्यांच्या नाराजीचे एक मोठे कारण होते. अलिप्त राष्ट्रांचा संचही सरकारी घोषणापत्रांच्या ओझ्याखाली निष्प्रभ झाला, हे मान्य केले पाहिजे. मंत्र्यांची भाषणे वाचावयास कोण पैसे देणार?

जेनिन येथे ११ मे २०२२ रोजी शिरीन अबू अक्लेह ही पॅलेस्टिनी पत्रकार डोक्यात गोळी लागून मरण पावली. अंगावर 'प्रेस' असे लिहिलेले जाकीट होते. ती पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांच्याच गोळीने मेली असावी असे इस्रायलकडून प्रथम सांगण्यात आले आणि ते जगभर छापले गेले. सप्टेंबरमध्ये इस्रायली लष्करानेच कबूल केले की ती त्यांच्या सैनिकाची गोळी असण्याची शक्यता फार मोठी आहे. चार महिन्यांत जगाची नजर दुसरीकडे वळली होती. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर तर दोन वर्षांहून अधिक काळ परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे पाऊल टाकू दिले गेले नाही. जे आत होते ते पॅलेस्टिनी पत्रकार मरत गेले. पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या समितीने २०२५ च्या ऑगस्टपर्यंतच या युद्धात १९० हून अधिक पत्रकार व वृत्तकर्मी मारले गेल्याची नोंद केली होती. आणि त्यांनी पाठविलेल्या आकड्यापुढे 'हमासच्या ताब्यातील आरोग्य खात्याच्या दाव्यानुसार' हे शेपूट जोडले जाई. इस्रायली लष्कराच्या आकड्याला असे शेपूट क्वचित असे. त्या खात्याच्या गणतीप्रमाणे २०२५ च्या अखेरीपर्यंत गाझात सत्तर हजारांहून अधिक माणसे मेली. पारधी बाईने पोलीस अत्याचाराची तक्रार केली की तिचा 'कांगावा' होतो आणि अंमलदाराची 'माहिती' असते, हे शिरूर-दौंडच्या वाचकाला नव्याने सांगावयास नको.

आणखी एक शब्दप्रयोग शिरूर तालुक्याने जवळून भोगला आहे: 'दोन गटांत'. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या भागात जे घडले, त्याला पहिल्या दिवशी 'दोन गटांत दगडफेक' म्हटले गेले. विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी लहान मुलांना घेऊन पायी चाललेले लोक हा 'गट' कसा? त्या दिवशी एका तरुणाचा जीवही गेला, तो कोणत्या समाजाचा होता यावरून त्याच्या मरणाचे मोल कमी होत नाही. पण गट म्हटले की दोघे सारखे होतात, कोण चालत होते आणि कोण दगड घेऊन उभे होते हा भेद पुसला जातो. काही महिन्यांनी चर्चा हल्ल्याची राहिलीच नाही. ती 'शहरी नक्षलवादा'ची झाली. पोलिसांनी पत्रकार परिषदेत पत्रे वाचून दाखविली आणि ती वाहिन्यांवर पुरावा म्हणून फिरली. सर्वोच्च न्यायालयात २८ सप्टेंबर २०१८ रोजी बहुमताचा निकाल अटक झालेल्यांच्या बाजूने लागला नाही. परंतु न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या भिन्न निकालपत्रात पोलिसांच्या याच वर्तनावर कडक ताशेरे ओढले. 'इस्रायल-पॅलेस्टाइन संघर्ष' हाही असाच दोन गटांचा खेळ आहे. १९४८ मध्ये सात लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून परागंदा झाली. त्यांच्या मुलानातवंडांवर १९६७ पासून लष्करी ताबा आहे, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो ताबा बेकायदा असल्याचे मत दिले. हे सर्व 'संघर्ष' या एका शब्दात मावत नाही.

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. चोऱ्या होतातच ना? दरोड्यात म्हातारीच्या कानातील फुले ओढून नेली जातात, तिच्या कानाची पाळी तुटते, ती कोणाची कल्पना नव्हे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे बाराशे माणसे मारली, त्यांत बहुसंख्य नागरिक होते, त्यांत मुले होती. तो गुन्हाच होता. न्याय्य बातमी म्हणजे गुन्हा झाकणारी बातमी नव्हे. ज्याने केला त्याचे नाव लिहावे, पुरावा लिहावा, न्यायालय काय म्हणाले ते लिहावे. त्याच्या जमातीला, त्याच्या शेजाऱ्याला, त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला त्या गुन्ह्यात गोवू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, एवढी अफवा पुरेशी ठरली. ती मोबाइलवरून पसरली हे खरे, पण 'टोळी' म्हणजे भटके हे समीकरण त्या जमावाच्या डोक्यात मोबाइल येण्यापूर्वीपासून घालून ठेवलेले होते.

समाजवाद्यांनी या बाबतीत स्वतःचा इतिहासही तपासावा. १९५३ साली रंगूनला आशियाई समाजवादी परिषद भरली, तिच्यात इस्रायलचा मापाय पक्ष सामील होता. जयप्रकाशजी १९५८ मध्ये इस्रायलला जाऊन आले. किबुत्झमधील सामुदायिक शेतीचे समाजवादी वर्तुळात मोठे कौतुक होते, आणि सहकाराची स्वप्ने पाहणाऱ्या पिढीला ते वाटणे स्वाभाविक होते. परंतु त्याच काळात, १९४८ पासून १९६६ पर्यंत, इस्रायलच्या अरब नागरिकांवर लष्करी अंमल होता, आणि कितीएक किबुत्झांची जमीन ओस पाडलेल्या अरब गावांची होती. शेतीची पद्धत पाहिली, सातबारा पाहिला नाही. जमिनीचा प्रश्न ज्यांच्या तोंडी रोज असतो त्यांच्याकडून हे व्हावयास नको होते. गांधीजींनी मात्र १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये 'हरिजन'मध्ये लिहिताना यहुद्यांवरील अत्याचारांविषयी पूर्ण सहानुभूती व्यक्त करूनही पॅलेस्टाइन अरबांचे आहे अशीच भूमिका घेतली होती.

या सहानुभूतीचा धागा सोडता कामा नये. पॅलेस्टिनींची बाजू घेताना यहुदी माणसाचा द्वेष जिभेवर येऊ लागला, तर कार्यकर्ता १८७१ च्या कायद्याच्याच ओळीत जाऊन बसला असे समजावे. कोकणातील बेने इस्रायल, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, मराठी बोलत शतकानुशतके येथे राहिले. इस्रायलला गेल्यावर तेथील मुख्य धर्मपीठाने त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेतली, विवाहांत अडथळे आणले. १९६४ मध्ये त्यांनी आंदोलन केले तेव्हा तेथील संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. जन्मावरून माणसाची प्रत लावण्याचा रोग कोणत्याही एका जमातीचा नाही.

गाझासाठी शिरूरच्या चौकात फलक धरून उभे राहणे चांगलेच आहे, पण त्याची किंमत फारशी मोजावी लागत नाही. आपल्याच गावच्या गायरानात पालात राहणाऱ्या, जातीच्या दाखल्यासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालणाऱ्या पारधी कुटुंबाविषयी ग्रामसभेत बोलणे महाग पडते. तेथे शेजारी रागावतो, मते जातात, 'तुझ्याच घरी चोरी होवो' असे ऐकावे लागते. गावात चोरी झाली की रात्रीच्या गस्तीची काठी घेऊन त्या पालांकडे जाणाऱ्यांत कार्यकर्तेही असतात. ही गोष्ट अभ्यासवर्गात कोणी बोलून दाखवीत नाही.

वार्ताहराने ठरविले तर काय होऊ शकते, याचा दाखला अलीकडचाच आहे. सुकन्या शांता या पत्रकार महिलेने तुरुंगांतील जातवार कामवाटपावर लिहिले, तेवढ्यावर न थांबता सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिभेदाची कलमे घटनाबाह्य ठरविली. विमुक्त जमातींचा जन्मतः गुन्हेगार म्हणून होणारा उल्लेख त्यांतच गेला, आणि या जमातींतील माणसांना मनमानीपणे अटक होऊ नये असेही पोलिसांना बजावले गेले. हा निकाल दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि प्रत्येक वार्ताहराकडे मराठीत पोहोचविणे हे काम कार्यकर्त्यांना करता येण्यासारखे आहे.

दुसरे काम कात्रणांचे. शिरूर आणि दौंड येथे एकेका कार्यकर्त्याने वर्षभर तालुक्याच्या पानावरील आणि परदेशच्या पानावरील अशी कात्रणे दोन वह्यांत चिकटवावीत, शेजारी मूळ गुन्ह्याचा पुढे काय निकाल लागला ते लिहावे. आक्षेपार्ह बातमी दिसली की प्रथम संपादकाला सभ्य भाषेत पत्र लिहावे. बहुतेक वेळा ते छापले जात नाही, पण त्याची पोच जपून ठेवावी. दाद मिळाली नाही तर वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिक वा साप्ताहिकातील मजकुराबाबत ती दोन महिन्यांच्या आत करावी लागते. परिषद दंड करू शकत नाही, फक्त समज देऊ शकते किंवा निषेध नोंदवू शकते. आणि दूरचित्रवाणी तिच्या कक्षेत येत नाही. तरीही तक्रारीची नोटीस आली की संपादकाला उत्तर लिहावे लागते, आणि उत्तर लिहिताना त्याला स्वतःची बातमी दुसऱ्यांदा वाचावी लागते. वार्ताहराशी वैर करू नये. त्याला दुचाकीवर मागे बसवून एकदा वस्तीवर न्यावे, तेथील बायकांशी बोलू द्यावे, शाळेत जाणारी मुले किती आणि रेशनकार्ड किती जणांकडे हे त्यालाच मोजू द्यावे. येत्या ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनी, दोन्ही तालुक्यांच्या वह्या एकत्र बसून वाचावयाच्या आहेत. त्या बैठकीस वस्त्यांवरची माणसे श्रोते म्हणून नव्हे, वाचक म्हणून यावीत, यासाठी आतापासून निरोप जावेत.